खालून पाणी पिणारी खेळपट्टी

सन्माननीय अध्यक्ष, पेशन्स क्रिकेट क्लबचे प्रमुख श्री. क्लेमेंट बोवेल, आजचे प्रमुख पाहुणे, क्रिकेट मंडळाच्या मैदान समितीचे प्रमुख श्री. देवनाथ हरिलाल, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते आपले माळी, कागदोपत्री क्युरेटर, श्री. इग्नेशियस अ‍ॅडोनिस, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी मिस यूनिस अ‍ॅडोनिस, उद्यापासून त्यांच्या जागी येणारे श्री. कर्टिस गोबिन, आणि समोर बसलेल्या, मागे उभ्या असलेल्या आणि जागा न मिळाल्यामुळे खिडकीत चढून बसलेल्या माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो,

मी एनिड सुग्रीम. वर्तमानपत्रात क्रिकेटवर लिहिण्यात चौतीस वर्षं काढली. त्या सवयीने आधी ताजी बातमी देते, मग सत्काराकडे वळते. आज संध्याकाळी पाच वाजून बत्तीस मिनिटांनी बांधावरच्या कोकरचं, म्हणजे आपल्या चरांचं पाणी समुद्रात सोडणाऱ्या उघाडीचं, दार वर गेलं. उघाडीवाले जयकरण यांनी स्वतः फोन करून हे मला सांगितलं. सहा पंचवीसला त्यांनी पुन्हा कळवलं, की मैदानाच्या चरातलं पाणी मापाच्या खुंटावरच्या चौथ्या खुणेपर्यंत उतरलं आहे. तिसऱ्या खुणेला दार खाली यायचं आहे. म्हणजे साधारण सात वाजता. समोरच्या घड्याळात आता सहा छत्तीस झाले आहेत.

निरोपाच्या भाषणात उघाडी कशाला, असं पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांना वाटेल. आपलं गाव भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे हे इथल्या कुणाला सांगावं लागत नाही. पण मंडळाची काही मंडळी डोंगराच्या बेटांवरून आली आहेत, त्यांच्यासाठी सांगते. इतर मैदानांवर माळी खेळपट्टीला वरून पाणी पाजतो. आपली खेळपट्टी खालून पाणी पिते. चर भरला की तिच्या पोटातली माती ओलावते, चर उतरला की सुकते. म्हणून आपला माळी हातात नळी धरत नाही, खिशात भरती-ओहोटीचं पत्रक ठेवतो. आदल्या संध्याकाळी चर किती उतरवायचा, त्यावर पुढचे पाच दिवस ठरतात. जास्त उतरवला तर तिसऱ्या दिवशी वरचा थर बिस्किटासारखा फुटतो. कमी उतरवला तर चेंडू गुडघ्याच्या वर येत नाही आणि पाच दिवस नुसती धावांची रास पडते.

एकतीस वर्षांत, एक हंगाम सोडला तर, प्रत्येक कसोटीच्या आदल्या ओहोटीला श्री. अ‍ॅडोनिस, आपले अंकल इग्गी, उघाडीवर उभे होते. आज ते इथे खुर्चीत आहेत, नवे बूट घालून. मिस यूनिस, बूट चावताहेत ना त्यांना? मला इथून दिसतंय, टाच बाहेर काढून बसले आहेत.

नियमाप्रमाणे त्यांची नोकरी आज संपते आणि सामना उद्या सुरू होतो. निरोपाची वेळ सहा ते आठ ठरली. आजची ओहोटीही नेमकी त्याच वेळेची. हे कसं जुळलं त्यात मी शिरत नाही. निमंत्रणपत्रिका सुबक आहे आणि अननसाचे पाइन टार्ट ताजे आहेत, माशा हाकलाव्या लागताहेत इतके.

दारापाशी निळ्या शर्टात मंडळाचे कारकून मिस्टर प्रिमो उभे आहेत. मिस्टर प्रिमो, बसून घ्या ना. तुमच्या हातात कागद आहे तो मला दिसतो आहे. पण मिस्टर हरिलाल इथे मंचावर आहेत, आणि वक्ता उभा असताना मंचावर कोणी चढत नाही, ही आपल्या क्लबची रीत आहे. ती एका वार्षिक सभेत झालेल्या मारामारीनंतर पडली. ती गोष्ट जेवणाच्या वेळची, आत्ताची नाही.

तर, चांगली खेळपट्टी म्हणजे काय?

हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तेव्हा कसोटीच्या बातम्यांवर नवी होते. संपादकांनी सांगितलं होतं, माळ्याला एका वाक्यात विचारून ये, सहाच्या आत पाहिजे. अंकल इग्गी रोलरच्या सावलीत बसून डब्यातला कुक-अप भात खात होते. मी म्हटलं, "अंकल, चांगली खेळपट्टी कशाला म्हणायचं? एका वाक्यात सांगा."

ते म्हणाले, "एका वाक्यात नाही होणार, मिस. पाच दिवसांत सांगतो. टोपी आणली आहे का?"

सहाची वेळ हुकली. संपादकांनी काय ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. पण मी पाच दिवस त्यांच्या बाकावर बसले. पहिल्या सकाळी वेगवान गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडून फलंदाजाच्या कानाजवळून गेला आणि यष्टिरक्षकाने तो छातीशी धरला. अंकल म्हणाले, "हे बघा. जेवणापर्यंत फलंदाजाला देव आठवला पाहिजे." दुसऱ्या दिवशी तेच फलंदाज गुणगुणत खेळत होते. "त्यांचाही दिवस यायला हवा. खेळपट्टीने उपाशी कुणाला ठेवायचं नाही." तिसऱ्या दुपारी अर्ध्या प्रेक्षकांना डुलकी लागली होती. मी तक्रार केली, तर म्हणाले, "लागू दे. सगळा वेळ जाग असते ती मारामारी. कसोटीत माणसाला घरच्यासारखं वाटलं पाहिजे." चौथ्या दिवशी भेगा दिसायला लागल्या. त्यांनी मला वाकून एक भेग दाखवली, आपल्या मुलीची दुडदुड दाखवावी तशी. आणि पाचव्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी मला एक विचित्र काम सांगितलं. "दोन्ही ड्रेसिंग रूमच्या दारातून आत डोकावून या, बॅगा भरल्या आहेत का बघा."

मी जाऊन आले. कुणीच भरल्या नव्हत्या.

"मग पास," अंकल म्हणाले, आणि डबा धुवायला गेले.

त्या पाच दिवसांत मला आणखी एक गोष्ट समजली. हे गृहस्थ कुणालाही न दुखवता कुणाचंही ऐकत नाहीत. मिस यूनिस, चर्चची गोष्ट सांगू का? त्या मान हलवताहेत, म्हणजे नको. मी सांगते. लग्नाच्या दिवशी, तेव्हा ते अजून जुन्या माळ्याच्या हाताखाली होते, नवरदेव चाळीस मिनिटं उशिरा आले, आणि विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. पाद्री संतापले होते. जयकरणला विचारलं तर म्हणाला, "मी ह्याला सांगत होतो, अरे, समुद्राला वेळापत्रक देतोस, आज बायकोला दे! हा म्हणतो, बायको थांबेल, ओहोटी थांबत नाही." मिस यूनिस थांबल्या. चव्वेचाळीस वर्षं थांबल्या आहेत. या टाळ्या त्यांच्यासाठी होत्या असं मी धरते.

सहा पंचेचाळीस.

अध्यक्ष महाराजांची चिठ्ठी आली आहे. "कृपया थोडक्यात." धन्यवाद, अध्यक्ष महाराज. थोडक्यात सांगण्याचा माझा अनुभव चांगला नाही, आणि त्याची शिक्षा मला नाही, दुसऱ्याच माणसाला झाली आहे. तेच सांगायला मी उभी आहे.

नऊ वर्षांपूर्वीची कसोटी काहींना आठवत असेल. पाच दिवसांत अकराशेवर धावा, विकेट सतरा, निकाल शून्य. चेंडू पडायचा आणि जणू परवानगी मागून उठायचा. मी शेवटच्या संध्याकाळी लिहिलं, पेशन्सवर खेळपट्टीचा अंत्यविधी झाला. मथळा माझाच. फार गाजला. तिसऱ्या आठवड्यात अंकल इग्गींना एका हंगामासाठी घरी बसवलं. घरी कसले बसताहेत, त्यांनी त्या वर्षी गावच्या दफनभूमीचं गवत कापलं. मी एकदा फुलं घेऊन तिथे गेले होते, तर विळा बाजूला ठेवून म्हणाले, "या, मिस एनिड. इथली जमीन बघा किती सपाट आहे. कुणाची तक्रार नाही." त्यांनी चेष्टा केली आणि मी हसले. मला कळलं नव्हतं की मी कशावर हसते आहे.

मला कळलं ते चार वर्षांनी, जयकरणकडून, त्याच्या मुलीच्या लग्नात. त्या कसोटीच्या आदल्या दोन दिवसांत मागच्या शेतांमध्ये बेसुमार पाऊस झाला होता. तीन वस्त्यांचं पाणी चढत होतं आणि त्यांचा स्वतःचा चर गाळाने बुजला होता. लोक अंकल इग्गींकडे आले. त्यांनी दोन चरांमधली अडवणारी फळी काढली आणि तीन वस्त्यांचं पाणी मैदानाच्या चरातून समुद्राकडे जाऊ दिलं. रात्रंदिवस. खेळपट्टी पोटापर्यंत भिजली आणि भिजलेलीच राहिली. मंडळाला त्यांनी एक अक्षर सांगितलं नाही. मी लग्नातून तशीच त्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, "अंकल, निदान मला तरी सांगायचं होतं!"

ते म्हणाले, "सांगून काय झालं असतं? लोकांच्या चुलीत पाणी शिरलं असतं आणि चेंडू छान उसळला असता, तर ती चांगली खेळपट्टी म्हणायची का?"

मी दुसऱ्या दिवशी खुलासा लिहिला, दोन रकाने भरून. संपादकांनी त्याच्या चार ओळी केल्या आणि चौदाव्या पानावर भरती-ओहोटीच्या तक्त्याखाली छापल्या. अंकल म्हणाले, "चांगली जागा मिळाली. मी रोज वाचतो ते पान." तो मथळा सगळ्या बेटांवर वाचला गेला आणि खुलासा बहुधा एकट्या माळ्याने वाचला. अध्यक्ष महाराज, त्या दोन रकान्यांतला न छापलेला मजकूर आज मी बोलून पुरा करते आहे. म्हणून लांबतं आहे. मला माफ करा, किंवा करू नका, पण बोलू द्या.

खिडकीतल्या मंडळींनो, तुम्ही बाहेर बघू शकता. बांधावर दिवा दिसतो का? पिवळा? हां, म्हणजे दार अजून वर आहे.

आता सोमवारची गोष्ट. मिस्टर हरिलाल, मी ही सांगितली तर तुम्ही रागावणार नाही, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही. सोमवारी अंकल इग्गींनी मला मैदानावर बोलावलं आणि एक पत्र पुढे केलं. "वाचून दाखवा, मिस एनिड. माझा चष्मा बिघडलाय." चष्मा त्यांच्या नाकावर होता आणि उत्तम होता. पत्र मैदान समितीचं होतं. फार सभ्य भाषा. सामन्याच्या आदल्या संध्याकाळची उघाडी पूर्ण ओहोटी संपेपर्यंत उघडी ठेवावी, असा विचार व्हावा, अशी विनंती.

म्हणजे खेळपट्टी तळापासून कोरडी. आपण मालिकेत एकने मागे आहोत आणि आपल्याकडे दोन नामी फिरकी गोलंदाज आहेत. तिसऱ्या दिवशी वरचा थर फुटला की पाहुण्या संघाला चेंडू कुठे वळतो हे कळायच्या आत सामना आपल्या खिशात. मिस्टर हरिलाल यांच्या मनात काही वाईट नाही. देश जिंकावा असं त्यांना वाटतं. मलाही वाटतं. समोर बसलेल्या कुणाला वाटत नाही त्याने हात वर करावा. बघा, एकही हात नाही.

मी अंकलना विचारलं, "मग काय करणार?"

"उत्तर पाठवलं. सात वाजता दार बंद होईल, नेहमीसारखं."

"आणि आपण हरलो तर?"

"तर हरलो. मिस एनिड, मी माती मळतो. कुणाच्या बाजूने मळली की ती माती राहत नाही, ते खोटं नाणं होतं. एकदा टाकून जिंकाल. मग प्रत्येक जण नाणं उलटून बघायला लागेल."

त्यानंतर मला इथे बोलायचं निमंत्रण आलं, आणि माझा क्रम सहा पस्तीसचा आहे असं कळलं. आज सकाळी मी जयकरणला भेटले. त्याला विचारलं, अंकल इग्गी तर हॉलमध्ये असणार, तू कुणाच्या शब्दावर दार पाडणार? तो म्हणाला, "अ‍ॅडोनिसने सात सांगितलंय, सात. पण बाई, मी सरकारी माणूस. मैदान समितीच्या प्रमुखाचा सहीचा कागद सातच्या आत हातात आला, तर मला दार वरच ठेवावं लागेल. कागद नाही आला तर मी दार पाडतो आणि तुम्हाला एक रिंग देतो. उचलू नका, माझे पैसे जातात."

म्हणून माझा फोन इथे, कागदांच्या शेजारी ठेवला आहे. असभ्यपणा आहे, मान्य.

सहा त्रेपन्न. पाणी? थँक्यू, फार तहान लागली होती. ट्रे मंचावर येऊ शकतो, पाण्याला रीत लागू नाही. हे बघा, माझ्या ग्लासाखाली घडी घातलेला कागद आहे. मिस्टर प्रिमो, तुम्ही दारापाशी डोकं का धरलंत? ग्लास माझ्यासाठी आला, त्या अर्थी कागदही माझ्यासाठीच असणार. वाचते.

"श्री. जयकरण यांस. आजची उघाडी पूर्ण ओहोटी संपेपर्यंत उघडी ठेवावी. मैदान समितीच्या आदेशावरून." खाली सहीची जागा. कोरी आहे.

शांत व्हा. शांत व्हा, मंडळी. खुर्च्या वाजवू नका, निरोप समारंभ आहे हा. मिस्टर हरिलाल म्हणताहेत, हा फक्त मसुदा आहे. बरोबर आहे, सहीशिवाय मसुदाच. मी तो इथेच, फोनखाली, ठेवून माझं भाषण पुढे...

काय म्हणालात, अंकल?

मागे ऐकू आलं नसेल. ते म्हणताहेत, "मिस एनिड, कागद त्यांचा त्यांना द्या. पाहुण्यांचा कागद आपण अडवून ठेवायचा नाही."

अंकल, सहा चौपन्न झालेत. उघाडी चार मिनिटांच्या रस्त्यावर आहे. मिस्टर प्रिमोंकडे सायकल आहे.

"द्या म्हटलं ना."

बरं. सत्कारमूर्तींचा शब्द. मी वाटेत उभी होते, आता बाजूला होते. हा घ्या, मिस्टर हरिलाल.

अंकल उभे राहिले आहेत. बूट हातात आहेत. ते काय म्हणताहेत ते मी जसंच्या तसं सांगते. "साहेब, सही करायची तर करा. मी आज सहा वाजल्यापासून नोकर नाही, मला विचारायचं कारण नाही. फक्त एक. आपल्या फाटकावर काळा फळा आहे. आदल्या संध्याकाळी ज्याच्या शब्दावर उघाडी पडते त्याचं नाव त्यावर लिहितात. खेळपट्टी अमुकची. ही माझ्याही आधीची पद्धत आहे. तुमच्या शब्दावर उघाडी चालली तर तुमचं नाव येईल. कर्टिस लिहील, त्याचं अक्षर चांगलं आहे. खडू हा घ्या."

त्यांनी खरंच कोटाच्या खिशातून खडू काढला आहे. नव्या कोटात खडू! मिस यूनिस, तुम्हाला माहीत होतं? नव्हतं.

आता मी माझे कागद मिटते. चौतीस वर्षांत असं फार वेळा झालं नाही. मिस्टर हरिलाल यांच्या एका हातात कागद आहे, पेनाचं टोपण निघालं आहे, आणि समोरच्या टेबलावर खडू आहे. मी आधी जे काही केलं ते सगळं या माणसाच्या हातात पेन येऊ नये म्हणून केलं. अंकलनी एका वाक्यात ते त्यांच्या हातात दिलं. उद्या दहा हजार माणसं त्या फाटकातून आत येतील आणि तो फळा वाचतील. वाचतातच. रांगेत उभं राहून दुसरं काय करणार?

मिस्टर हरिलाल काही विचारताहेत. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला, सर. ते विचारताहेत, "अ‍ॅडोनिस, खरं सांग. सातला दार पाडलं तर आपण जिंकू की नाही?"

आणि अंकल म्हणताहेत, "माहीत नाही, साहेब."

एवढंच. खाली बसले.

मित्रहो, पहिल्या दिवशी मला एका वाक्यात हवं होतं ते हे. एकतीस वर्षं माती मळणारा माणूस, तिचा कण न् कण ओळखणारा, आणि तिच्यावर कोण जिंकेल हे त्याला माहीत नाही. ते त्याला माहीत असतं तर ती खेळपट्टी चांगली नसती. मी हे पाच दिवसांत ऐकलं असेल, पाच वेळा लिहिलं असेल. समजलं आत्ता, तुमच्यासमोर. संपादक असते तर म्हणाले असते, उशीर झाला.

सहा अठ्ठावन्न. मिस्टर हरिलाल कागदाची घडी घालताहेत. नीट, चौकोनी. ती टार्टच्या बशीखाली ठेवली. पेनाला टोपण घातलं. सर, टाळ्या तुमच्यासाठी आहेत, नाकारू नका. आपण हरलो तर हे लोक तुमच्या घरावर दगड मारतील, म्हणून आत्ताच घेऊन ठेवा. हे मी विनोदाने म्हटलं. थोडंसं.

मिस्टर प्रिमो, आता तरी बसा, बाबा. खुर्ची आहे तिथे.

कर्टिस, आता तुझ्याशी. तू बाहेरून शिकून आलास, तुझ्याकडे मातीतला ओलावा मोजायचं यंत्र आहे, आणि अंकल खेळपट्टीत किल्ली टोचून तो ओळखतात म्हणून तू मागे हसला होतास. अंकलनी ते मला सांगितलं. रागाने नाही. म्हणाले, "हसू दे. मी पण माझ्या उस्तादाच्या किल्लीला हसलो होतो." दोघांचं उत्तर तीनदा जुळलं आणि चौथ्यांदा चुकलं. कोण चुकलं ते दोघंही सांगत नाहीत.

सात वाजले. सात वाजून एक.

माफ करा, मला फोनकडे बघावंच लागतंय. जयकरणला पायऱ्या उतरायला वेळ लागतो, गुडघे गेलेत त्याचे. खुंटावरची खूण कंदिलाच्या उजेडात बघायची, मग साखळी सोडायची. साखळी गंजलेली आहे. गेल्या वर्षी अडकली होती. अंकल, तुम्ही का उठताय? बसा. तुम्ही इथून साखळी नाही सोडू शकत.

सात दोन.

मंडळी, हे ऐका. एक रिंग. वाजली आणि थांबली. खिडकीतून काय दिसतंय? दिवा लाल झाला? झाला!

अंकल, दार पडलं. तुमच्या शब्दावर पडलं.

बसा, बसा. मी आवरते. सर्वप्रथम आभार: अध्यक्ष महाराजांचे, ज्यांनी दुसरी चिठ्ठी लिहून ती खिशातच ठेवली, मी पाहिलं ते. मिस्टर हरिलाल यांचे, ज्यांचा कागद मी जाहीर वाचला. ते माझ्या बाजूने बरोबर नव्हतं आणि तरी मी पुन्हा वाचेन. मिस्टर प्रिमो यांचे, त्यांचं काम त्यांनी केलं. जयकरण यांचे, ज्यांना हे आभार कुणीतरी जाऊन सांगावे, फोन करू नये. मिस यूनिस यांचे, चव्वेचाळीस वर्षांसाठी. आणि अंकल इग्गी, तुमचे आभार मानायला मला शब्द नाहीत. नऊ वर्षांपूर्वी होते, ते मी वाया घालवले. तुमच्याबद्दल बोलताना आजही काही जास्त बोलले असेन, काही चुकीचं बोलले असेन, कुणाला लागलं असेल, तर तो उतावळेपणा माझा, या सभागृहाचा नाही. पदरात घ्या.

जेवणाआधी पुढची बातमी देते. फळ्यावर आज "आय. अ‍ॅडोनिस" लिहिलं जाईल. पुढची ओहोटी उद्या पहाटे सहा पन्नासला आहे, आणि तेव्हा दार पुन्हा उघडायचं की नाही, अर्धा तास की पंधरा मिनिटं, की अजिबात नाही, हे आता कर्टिसने ठरवायचं आहे. मी संध्याकाळपासून त्याच्या चेहऱ्याकडे बघते आहे. अंकलना त्याने विचारलं, आणि अंकलनी खिशातलं भरती-ओहोटीचं पत्रक त्याच्या हातात ठेवलं. साडेनऊला नाणेफेक, दहाला पहिला चेंडू. अंकलकडे उद्याचं उत्तरेच्या स्टँडचं तिकीट आहे, आयुष्यातलं पहिलं, आणि ते म्हणतात की ते आरामात नऊला येतील.

त्यांच्या पायात बूट नाहीत. ते पहाटे साडेसहाला बांधावर असतील, आणि काही बोलणार नाहीत.